व्हेपची कॉइल स्वतः बनवायची असेल तर वायर कोणती, किती गेजची आणि कॉइल किती मिलिमीटरची घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंग्लंडमध्ये असता, सिगारेट सोडून डिस्पोजेबल (संपलं की फेकून द्यायचं व्हेप) ओढत होतात, ते १ जून २०२५ पासून इथे विकायला बंदी आली म्हणून रीबिल्डेबल टँक (ज्यात कॉइल आपणच बसवतो) आणि एका बॅटरीचा मॉड (बॅटरी आणि बटण असलेला खालचा भाग) घेतलाय, आणि आता दुकानात कान्थल, नायक्रोम, एसएस (स्टेनलेस स्टील), २४ गेज, २८ गेज एवढी रिळं बघून डोकं गरगरतंय. मी लेस्टरला राहतो, सिगारेट २०१७ ला सुटली, तेव्हापासून माझ्या कॉइल मीच वळतो. त्यात आमचं इचलकरंजीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तार आणि गेज लहानपणापासून हातातलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वायर बाजूला ठेवा आणि तुम्ही ओढता कसं ते बघा. सिगारेटसारखं आधी तोंडात घेऊन मग आत, की हुक्क्यासारखं थेट छातीत? डिस्पोजेबलवर होतात म्हणजे बहुतेक पहिला प्रकार, आणि तसंच असेल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण त्याला बारीक वायर, छोटी कॉइल, कमी वॅट आणि बंद-बंद हवा लागते. थेट छातीत ओढणाऱ्याला जाड वायर, मोठी कॉइल, जास्त वॅट आणि मोकळी हवा. लोक उलटं करतात, यूट्यूबवर धुराचे ढग बघून जाड वायर आणतात आणि सिगारेटसारख्या घट्ट टँकमध्ये कोंबतात, मग गरम हवा येते, चव नाही, चार दिवसांत परत सिगारेटचं पाकीट. हे मी दोन-तीन जवळच्या माणसांच्या बाबतीत बघितलंय आणि वाईट वाटतं, कारण चूक फक्त तारेची होती.

आता गेज. एक गोष्ट भारतातून आलेल्या माणसाने नक्की लक्षात ठेवायची, व्हेपच्या वायरवरचं गेज अमेरिकन असतं, आपल्याकडे वाइंडिंगवाले वापरतात ते ब्रिटिश, म्हणजे एसडब्ल्यूजी, आणि आकडा तोच असला तरी जाडी वेगळी. एसडब्ल्यूजी २८ म्हणजे ०.३७६ मिमी आणि अमेरिकन २८ म्हणजे ०.३२१ मिमी. मी पहिली कॉइल वळली तेव्हा दुकानातला पाठ आकडा धरून हिशोब केला, ०.८ ओहम यायला हवं होतं, मीटरवर १.१ आलं. तासभर मी स्क्रू सैल आहे का, पोस्टवर (तार आवळतात त्या खांबावर) घाण आहे का बघत बसलो, आणि तार मायक्रोमीटरला लावल्यावर उलगडा झाला. म्हणून रिळावर मिलिमीटर लिहिलंय का ते बघा आणि तेच धरा. २४ गेज ०.५१, २६ गेज ०.४०, २८ गेज ०.३२ मिमी. आकडा वाढला की तार बारीक.

रेझिस्टन्सचं गणित समजायला आपल्या हॉस्टेलची शेगडी आठवा. कॉइल तुटली की आपण दोन टोकं ओढून पीळ द्यायचो, परत तुटली की परत पीळ, आणि दर वेळी कॉइल आखूड व्हायची आणि जास्त लाल व्हायची. आखूड तार म्हणजे रेझिस्टन्स कमी, करंट जास्त. लांब तार किंवा बारीक तार म्हणजे रेझिस्टन्स जास्त. बस, एवढंच आहे, फक्त शेगडीला २३० व्होल्ट मिळतात आणि तुमच्या बॅटरीला भरलेली असताना ४.२.

पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, तुमचा मॉड रेग्युलेटेड आहे, म्हणजे वॅट तुम्ही ठरवता आणि व्होल्टेज तो आपलं आपण जुळवतो. मग ०.६ ओहम असो की १.१, तुम्ही १४ वॅट लावले की १४ वॅटच जाणार. म्हणजे ओहम कमी केले की वाफ वाढते हे तुमच्या मॉडवर खरं नाही. फरक पडतो तो तारेच्या वजनाचा आणि तिच्या पृष्ठभागाचा. २४ गेजच्या तारेत २८ गेजपेक्षा तेवढ्याच लांबीत अडीच पट धातू असतो, तो तापवायला वॅट आणि वेळ दोन्ही जास्त लागतं, बटण दाबून दोन सेकंद काहीच येत नाही आणि सोडल्यावरही कॉइल गरम राहते. बारीक तार लगेच तापते लगेच थंड होते, सिगारेटसारख्या छोट्या झुरक्याला तेच बरं.

धातू कुठला? कान्थल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम, निकेल अजिबात नाही, जरा कडक असते, वळल्यावर थोडी उसळते, पण टिकाऊ आणि रेझिस्टन्स स्थिर. नायक्रोम ८० मध्ये ८० टक्के निकेल, मऊ, वळायला छान, पटकन तापते, आणि त्याच मापात रेझिस्टन्स कान्थलच्या साधारण तीन चतुर्थांश. एसएस ३१६ एल त्याहून कमी, कान्थलच्या निम्मं, आणि तापल्यावर तिचा रेझिस्टन्स मोजता येईल इतका वाढतो म्हणून टेम्परेचर कंट्रोलला, म्हणजे मॉडने कॉइलचं तापमान सांभाळायला, चालते. घड्याळाच्या पट्ट्याने, बेल्टच्या बक्कलने किंवा खोट्या दागिन्याने तुमच्या अंगाला खाज सुटत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, मग नायक्रोम नको, आणि एसएसमध्येही थोडं निकेल असतंच, सरळ कान्थल घ्या. शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या तारा पण मिळतात, त्या फक्त टेम्परेचर कंट्रोलसाठी आणि कोरड्या लाल करायच्या नसतात, तुम्ही सध्या त्यांच्या वाटेला जाऊच नका.

तुमच्यासाठी माझं उत्तर: २८ गेज कान्थल, आतला व्यास २.५ मिमी, ६ वेढे. साधारण १.१ ओहम येईल. १० वॅटवर सुरू करा आणि अर्धा-अर्धा वॅट वाढवत १४ पर्यंत जा, मध्येच कुठेतरी चव उघडते, तिथे थांबा. पुढे जरा मोकळं ओढावंसं वाटलं तर २६ गेज नायक्रोम, ३ मिमी, ६ वेढे, ०.६ ओहमच्या आसपास, १८ ते २२ वॅट. क्लॅप्टन म्हणजे जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली, गिटारच्या तारेसारखी दिसते, पृष्ठभाग जास्त म्हणून चव भरपूर, पण वॅट आणि लिक्विड दोन्ही जास्त पिते, दोन महिन्यांनी बघा.

आतला व्यास म्हणजे लिक्विड कॉइलपर्यंत आणणाऱ्या कापसाची जागा. २.५ मध्ये कमी कापूस, ३ मध्ये जास्त, म्हणून ३ ची कॉइल सहसा लवकर कोरडी पडत नाही. पण छोट्या डेकमध्ये (टँकमधल्या कॉइल बसवायच्या जागेत) ३ ची कॉइल भिंतीला टेकायला लागते, आणि टेकली की शॉर्ट, त्यामुळे डेक बघून ठरवा. जिग (कॉइल वळायची मापाची दांडी) नसेल तर २.५ चा ड्रिल बिट चालतो, मी वर्षभर तोच वापरला. कॉइलचे पाय ४-५ मिमीपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर कापसाबाहेर पायच तापत बसतात, आणि जास्तीची टोकं अगदी मुळाशी कापा. बारीक तारेवर स्क्रू जोर लावून आवळला की तार तुटते, बेताने आवळा.

कॉइल बसवली की आधी मीटर किंवा मॉडवर रेझिस्टन्स बघा, मग कापूस न घालता ७-८ वॅटवर अगदी थोडं-थोडं दाबा. मधून लाल होत दोन्ही कडांना गेली पाहिजे. एखादा वेढा आधी चमकला तर सिरॅमिकच्या चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच खरवडा, थंड झाल्यावर चिमट्याने जवळ दाबा, परत बघा. मग कापूस, आणि खरं सांगतो, कॉइल बिघडण्यापेक्षा कापूस चुकणं जास्त वेळा होतं. ओढताना किंचित अडला पाहिजे पण कॉइल हलायला नको. घट्ट झाला तर लिक्विड पोचत नाही आणि जळकी चव घशाला झोंबते, सैल झाला तर गळतं. लिक्विड या सेटअपला ५०-५० घ्या, म्हणजे ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं, ७० टक्के ग्लिसरीनचं ७०-३० चं घट्ट लिक्विड एवढ्या कापसातून नीट चढत नाही. गोड लिक्विडने कॉइलवर काळा थर लवकर बसतो, तो कोरडी तापवून, थंड झाल्यावर पाण्याखाली धुऊन जातो, कान्थल हे सहन करते. कापूस मी पाचेक दिवसांनी बदलतो, तार महिनाभर सहज जाते, आणि १० मीटरच्या रिळात शंभरावर कॉइल निघतात, म्हणजे डिस्पोजेबलच्या मानाने खर्च काहीच नाही.

निकोटीन जपून. १२-१४ वॅटवर दर मिलिलिटरला १२ किंवा १८ मिलिग्रॅम चालतं, पण तेच १८ जाड कॉइलवर ५० वॅटने ओढलं तर गरगरेल, मळमळेल, तिथे ३ च हवं. कॉइल बदलली की निकोटीनचा आकडा पण बदलायचा, हे कोणी सांगत नाही.

आणि बॅटरी. रेग्युलेटेड मॉडमध्ये करंट वॅटवरून ठरतो. ६० वॅट लावले आणि बॅटरी ३.२ व्होल्टपर्यंत उतरली असेल तर ती जवळपास २० अँपिअर देत असते, चांगल्या १८६५० मापाच्या बॅटरीची मर्यादाच तेवढी, म्हणून एका बॅटरीवर त्याच्या वर जाऊ नका. तुमच्या १४ वॅटला काहीच धोका नाही. मात्र कोणी मेकॅनिकल मॉड दिला तर घेऊ नका, त्यात मध्ये कुठलंच सर्किट नसतं, ०.१ ओहमची कॉइल लागली तर भरलेल्या बॅटरीतून ४२ अँपिअर खेचले जातील. बॅटरीचं प्लॅस्टिक फाटलं तर नवीन रॅप लावा, आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर कधी म्हणजे कधी ठेवू नका, दोन रुपयांची प्लॅस्टिकची डबी मिळते.

व्हेप निर्धोक आहे असं मी म्हणत नाही, घरात कोणी सिगारेट ओढत नसेल तर त्याच्या हातात हे देऊ नका. माझे वडील चाळीस वर्षं विडी ओढायचे आणि शेवटी जिना चढता येईना, म्हणून सिगारेट सुटलेल्या माणसाची सुटलेलीच राहावी एवढ्यासाठी मी इतकं लिहितोय.

शेवटचं, सुट्टीत घरी जाणार असाल तर हे सगळं इथेच ठेवून जा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही आहे, मुंबईच्या कस्टम्समध्ये वाद घालून उपयोग नाही. मी २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम घेऊन जातो, तीन आठवडे निभतात.

पहिली कॉइल झाली की मीटरवर किती आलं आणि टँक कुठला ते खाली लिहा. १ ते १.२ च्या बाहेर असेल तर वेढे परत मोजा, पाय एका बाजूला निघालेत की दोन बाजूंना यावर अर्धा वेढा कमी-जास्त होतो.