आजोबांच्या पेटीत सापडलेलं रोमन नाणं खरं आहे की नकली, हे घरी कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की नाण्याच्या एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं डोकं आहे, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, वजन 3.7 ग्रॅम आणि डोक्यावर एक खोल घाव. सोनार म्हणाला, चांदीच दिसते, कसाला लावून सांगतो.

सगळ्यात आधी एक विनंती. ते कसाला लावू देऊ नका. कसोटीवर काठ घासला जातो, आणि नाणं खरं की खोटं हे सगळ्यात जास्त काठच सांगतो. शिवाय चांदी आहे एवढं कळून काही ठरत नाही. नकला करणारेही चांगली चांदी वापरतात.

वर्णनावरून हा रोमन सम्राट टायबेरियसचा (इ.स. 14 ते 37) डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, वाटतो. बसलेल्या स्त्रीभोवती रोमन लिपीत 'पॉन्टिफ मॅक्झिम' अशी अक्षरं आहेत का बघा. 'सीझरचं ते सीझरला द्या' या बायबलमधल्या प्रसंगातलं नाणं ते हेच, असं मानायची परंपरा आहे. त्यामुळे त्याला जगभर गिऱ्हाईक आहे आणि त्याच्या नकलाही उदंड आहेत.

पण त्या घावामुळे मला तुमच्या नाण्याबद्दल आशा वाटते. टायबेरियस आणि त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टस यांची चांदीची नाणी दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात, भरपूर सापडली आहेत. इ.स. 64 च्या सुमारास नंतरच्या नीरो या सम्राटाने डिनेरियसचं वजन आणि चांदी दोन्ही घटवली, आणि आपल्याकडे सापडणारी बहुतेक नाणी त्याच्या आधीचीच आहेत. 1898 साली तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला सोन्याची 501 रोमन नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम केलेला असा घाव आहे. चांदीच्या नाण्यांवरही तो दिसतो. तेव्हा घाव म्हणजे खोट समजू नका. फक्त भिंगाखाली त्याच्या आत डोकावून बघा. जुना घाव आतूनही बाकीच्या पृष्ठभागासारखाच काळवंडलेला असतो, ताजा आतून चकाकतो.

आता काठ. जवाहिऱ्याचं दहा पटींचं भिंग घ्या आणि खिडकीजवळ, तिरप्या उजेडात नाणं हळूहळू फिरवा. रोमन नाणं पाडलेलं असतं, ओतलेलं नसतं. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा मारला की धातू बाहेरच्या बाजूला पसरतो. म्हणून काठाला बारीक तडे जातात, चित्र एका अंगाला सरकतं, आणि अक्षरं पृष्ठभागातून कडक, सरळ उठतात. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी गुळगुळीत होतात. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात, ते हवेच्या बुडबुड्यांचे. काठावर साच्याची रेघ असते, किंवा ती लपवायला मारलेल्या कानशीच्या खुणा.

माझ्याकडे हेच नाणं होतं. एका प्रदर्शनात विश्वासाने घेतलेलं, हनुवटीखाली काठाला छानसा तडा असलेलं. दोन वर्षांनी एका संग्राहकाने त्यांचं नाणं दाखवलं. हनुवटीखाली तोच तडा, गालावर तोच ओरखडा. एका ठशातून शेकडो नाणी पडतात, पण तडा आणि ओरखडा प्रत्येकाचा वेगळा असतो. दोन्ही नाणी एकाच साच्यातली होती. फार वाईट वाटलं. पण तेव्हापासून मी कुठलंही नाणं घेण्याआधी त्याचं जुळं शोधते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन सूचीत या प्रकाराचे फोटो फुकट बघता येतात, लिलावांच्या जुन्या याद्याही चाळा.

धातूची शंका असेल तर नाण्याला इजा न करणारी एक रीत आहे. बारीक वजनाच्या काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. तुमच्या 3.7 ग्रॅमला काट्यावर 0.36 ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर चांदी जुळते. 0.41 आला तर आत तांबं असण्याची शक्यता मोठी, 0.5 म्हणजे कथलासारखा हलका धातू. तांबं निघालं म्हणून लगेच फेकू नका हं. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून फसवणारे रोमन काळातही होते, आणि तशी नाणीही दोन हजार वर्षं जुनीच असतात.

चुंबकावर विसंबू नका, शिसं आणि कथीलही त्याला चिकटत नाहीत. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका. जमिनीवर आपटून आवाजही ऐकू नका, जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, तुकडा उडतो.

एवढं करूनही शंका राहिली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. तोवर नाणं सुती कापडात ठेवा, आणि जमलं तर काठाचे चारही बाजूंनी फोटो इथे टाका. घावाच्या आतला एक जवळून घ्या, मला तोच आधी बघायचा आहे.