एक्स्टेंडर घ्यायच्या आधी

वाय-फाय सगळ्या खोल्यांत पोचत नाही, एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे देणारा डबा) घ्यावा का, असं विचारलंत. पंचवटीतला जुना वाडा म्हणताय, म्हणजे भिंती दीड-दोन फुटी. लगेच दुकानात धावू नका. आधी राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटाशेजारून काढा आणि घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर:

- एखाद-दुसरी खोलीच अडत असेल तर ड्युअल बँड एक्स्टेंडर, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा. सिंगल बँडवाला स्वस्त, पण एकच रेडिओ सिग्नल घेतो नि पुढे देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा.
- राउटरपासून केबल ओढता आली तर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या केबलवरून नेट घेऊन तिथे वाय-फाय देणारा डबा. याला तोड नाही.
- दोन-तीन मजले असतील तर मेश, म्हणजे घरभर ठेवलेले, एकमेकांशी जोडून एकच वाय-फाय देणारे डबे, पण खिसा बघून.

नवखे हमखास चुकतात ते जागेत. रेंज नाही तिथेच एक्स्टेंडर लावतात. मीही माडीवर लावला होता. फोनवर दांड्या फुल्ल, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतोय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जिन्याच्या तोंडाशी आणला, तेव्हा कुठे चालला.

५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण जाड भिंतीपुढे हात टेकतं. पलीकडच्या खोलीत २.४ वरच राहा. राउटरमधल्या चॅनलबिनलच्या भानगडी सध्या नकोत. आणि हो, बिल जपून ठेवा, बदलून घ्यायची वेळ येऊ शकते.