शाळेच्या आवारातील अधिवास-बागेतून मुले खरोखर काही शिकतात का?

आपला प्रश्न असा आहे की शाळेच्या मैदानाचा एक कोपरा पक्षी, फुलपाखरे आणि कीटक यांच्यासाठी राखून ठेवल्याने मुलांच्या शिक्षणात खरोखर भर पडते का, की तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता उपक्रम ठरतो. मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले आणि अशी एक बाग मुलांबरोबर सांभाळली. त्या अनुभवावरून सांगतो की भर नक्की पडते, पण ती झाडे लावल्यामुळे नव्हे, तर लावलेल्या झाडावर पुढे काय घडते हे तीच मुले महिनोन्महिने पाहत आणि लिहून ठेवत राहिल्यामुळे.

अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही संस्था १९७३ पासून अशा बागांना मान्यता देत आली आहे. अन्न, पाणी, आसरा आणि पिल्ले वाढवण्याची जागा या त्यांच्या मूळ कसोट्या. यांपैकी शेवटची बहुतेक शाळांत राहून जाते. रंगीत फुले लावली की फुलपाखरे येतात, मकरंद घेतात आणि निघून जातात. अंडी घालण्यासाठी मादीला अळीला चालणारे नेमके झाडच लागते. लिंबाळी फुलपाखराला लिंबूवर्गीय झाडे किंवा कढीपत्ता, तर बिबळ्या कडव्याला रुई. (रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नये.)

आमच्याकडे सर्वांत जास्त शिकवले ते कढीपत्त्याच्या एका झाडाने. प्रत्येक गटाला एक फांदी वाटून दिली होती आणि तिच्यावर रंगीत दोरा बांधला होता. लिंबाळीची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि वाढल्यावर पानासारखी हिरवी होते. ती रंग का बदलते, असे मी विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, एवढी मोठी विष्ठा कुठल्या चिमणीची असणार?" नैसर्गिक निवडीवरचा माझा नेहमीचा तास त्या दिवशी मी बाजूला ठेवला आणि तिच्या वाक्यापासूनच सुरुवात केली.

एका गटाच्या कोषातून मात्र फुलपाखरू आलेच नाही. कोषाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि त्यातून इवल्याशा परजीवी (दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढणाऱ्या) गांधीलमाशा एकामागून एक बाहेर आल्या. मुले आधी हिरमुसली, मग चिडली आणि मग अळ्यांची संख्या आटोक्यात कशी राहते यावर त्यांचा जो वाद झाला, तो फळ्यावर अन्नसाखळी काढून मला कधीच घडवता आला नव्हता. आपल्याला आवडणारा जीवच जगायला हवा, ही अपेक्षा निसर्गावर लादता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या नोंदवहीत वाचले.

एक चूकही सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षी शाळेची तपासणी होती आणि पाने कुरतडलेली दिसतात म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी झाडावर कीटकनाशक फवारले. सकाळी सगळ्या अळ्या खाली मातीत पडलेल्या होत्या. दोष फवारणाऱ्याचा नव्हता. ज्या बागेत कुरतडलेले पान हेच यश असते ती बाग शोभेच्या बागेपेक्षा वेगळी आहे, हे मी कर्मचाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना समजावूनच दिले नव्हते. पुढच्या वर्षी मुलांनीच तिथे तशी पाटी लावली.

गणिताला आणि भाषेलाही ही बाग उपयोगी पडते. एक मीटर लांब-रुंद चौकटीतले किडे मोजणे, पाच चौकटींची सरासरी काढणे आणि प्रत्येक चौकटीत आकडा वेगळा का आला याचे कारण शोधणे, हे पुस्तकातल्या तयार आकड्यांपेक्षा अवघड असते आणि म्हणूनच उपयोगाचे ठरते. "सुंदर फुलपाखरू दिसले" असे लिहिणारी मुले काही आठवड्यांत "पंख मिटून पानाच्या खालच्या बाजूला बसले होते" असे लिहू लागतात. परीक्षेतले गुण वाढतील, असे आश्वासन मात्र मी देणार नाही.

अडचणी दोन आहेत. पाण्याचे भांडे तसेच राहिले तर डास होतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी भांडे रिकामे करून घासण्याची पाळी लावावी. दुसरी अडचण मोठ्या सुट्टीची, कारण बागा बहुधा तेव्हाच वाळून जातात. त्या काळात पाणी कोण घालणार याचे नाव ठरल्याशिवाय रोपे आणू नयेत.

आपण सुरुवात करणार असाल, तर अळ्यांसाठी एक खाद्यवनस्पती, एक पाण्याचे भांडे, पालापाचोळा न झाडलेला एक कोपरा आणि एक जाड नोंदवही एवढे पुरे. नोंदवही मात्र वर्ष संपताच कपाटात न ठेवता पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. मागच्या वर्षी पहिले अंडे कोणत्या तारखेला दिसले होते हे कळले, की नवी मुले त्या तारखेच्या आधीपासूनच पाने उलटून पाहू लागतात.