चालू बॉयलर आणि दुर्मीळ होत चाललेले सुटे भाग

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. घरातला गॅस बॉयलर १४ वर्षांचा आहे. घरही तोच गरम ठेवतो आणि नळ उघडला की पाणीही तोच तापवतो, वेगळी टाकी नाही. सर्व्हिसिंग दरवर्षी होतं, मोठं काम एकदाच निघालं, ते पंपाचं. यंदा तंत्रज्ञ म्हणाला, ‘हे मॉडेल बंद झालंय, यापुढे सुटे भाग मिळणं अवघड आहे.’ त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने नव्या बॉयलरसाठी २४ बिनव्याजी हप्त्यांची योजना पुढे केली. ती महिनाअखेरपर्यंतच आहे, आणि गॅसचं बिल एक तृतीयांशाने उतरेल असं तो म्हणतोय. दीर म्हणतात, चालतोय तोवर हात लावू नका. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत आणि वर्षाचं बाळ आहे. शिल्लक चार महिन्यांच्या खर्चाएवढी.

माझं मत आधीच सांगून टाकते. या हिवाळ्यात बॉयलर बदलू नका. दिरांसारखं स्वस्थही बसू नका. चार-पाच कामं आहेत, ती थंडी पडायच्या आत करायची आहेत.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: मागच्या थंडीत बॉयलरची बाहेर जाणारी प्लास्टिकची नळी गोठली आणि बॉयलर बंद पडला, कोमट पाणी ओतल्यावर सुरू झाला. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती हीच. अशी नळी कंडेन्सिंग बॉयलरलाच असते. जळलेल्या गॅसमधून जी वाफ बाहेर पडते, तिचं पाणी करून तिच्यातली उष्णता हा बॉयलर परत वापरतो आणि ते पाणी त्या नळीतून निघून जातं. म्हणजे तुमच्याकडे आधीच कार्यक्षम जातीचा बॉयलर आहे. विक्रेत्याने सांगितलेली एक तृतीयांश बचत खूप जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरच्या तुलनेत कदाचित निघेल. तुमच्या घरात ती निघणार नाही.

तुमचा बॉयलर आज ८६ टक्के कार्यक्षमतेने चालतोय आणि नवा ९२ टक्क्यांनी चालेल, असं धरू. तेवढीच ऊब मिळवायला गॅस ८६ भागिले ९२, म्हणजे जुन्याच्या साधारण ९३.५ टक्के लागेल. बचत साडेसहा टक्के. आणि त्यातली काही तर तुम्हाला आजही फुकट मिळू शकते. रेडिएटरला (गरम पाणी आत फिरवून खोली तापवणाऱ्या पॅनेलला) जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५-८० अंशांवर ठेवलेलं असेल, तर परतणारं पाणी इतकं गरम असतं की वाफेचं पाणी होतच नाही. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असायला हवं. तंत्रज्ञाला सांगून हे तापमान ६० च्या आसपास आणा आणि आठवडाभर बघा. खोल्या तापायला वेळ जास्त लागेल, पण त्या तापतील. सासूबाईंच्या खोलीला कमी पडलं, तर थोडं वाढवून घ्या.

आता पैशाचा हिशेब. तुमचं वर्षाचं गॅसबिल १०० धरते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून नवा बॉयलर बसवण्यासकट २५० ला पडतो. साडेसहाच्या वार्षिक बचतीतून २५० वसूल व्हायला ३८ वर्षं लागतील आणि बॉयलर इतका टिकत नाही. त्यामुळे बचतीसाठी म्हणून बदलायचा विचार सोडून द्या.

पण निर्णय एवढ्यावर होत नाही. नवा बॉयलर १५ वर्षं चालेल आणि पैशाला ६ टक्के मिळाले असते असं धरलं, तर त्याचा दरवर्षीचा भार साधारण २६ येतो. जुना एक वर्ष जास्त वापरला की हे २६ वाचतात. त्या बदल्यात काय सोसता? जास्तीचा गॅस साडेसहा, किरकोळ दुरुस्त्या समजा ६, आणि तो ऐन थंडीत कायमचा बंद पडण्याची जोखीम. घाईत बदलायची वेळ आली, तर किमतीवर पंचवीसेक टक्के जादा जातात असं धरू, म्हणजे ६२. ही वेळ येण्याची शक्यता वर्षाला सहात एक असेल, तर जोखमीची किंमत १० झाली. एकूण साडेबावीस, २६ पेक्षा कमी. जुना ठेवणं परवडतं. पण सुटे भाग मिळेनासे होऊन तीच शक्यता तीनात एक झाली, तर जोखीम २१ वर जाते, बेरीज ३३ होते आणि मग बदलणं शहाणपणाचं ठरतं.

तंत्रज्ञाच्या त्या एका वाक्याचं वजन नेमकं इथे पडतं. म्हणून ‘भाग मिळणार नाहीत’ एवढ्यावर थांबू नका, कोणते भाग ते विचारा. पंप, एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी हवेची छोटी टाकी), प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, तापमानाचे सेन्सर यांना बहुधा पर्याय मिळतात, कारण ते बाहेरचे उत्पादक बनवतात आणि अनेक कंपन्यांच्या बॉयलरमध्ये बसतात. ग्रुंडफोस आणि विलो यांचे पंप किती वेगवेगळ्या नावांच्या बॉयलरमध्ये असतात ते बघा. खरी अडचण मॉडेलपुरत्याच बनलेल्या भागांची असते: सर्किट बोर्ड, पंखा, हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्यात उतरवणारा भाग), गॅस व्हॉल्व्ह, आणि तुमच्यासारख्या बॉयलरमध्ये पाणी रेडिएटरकडून नळाकडे वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. या पाच भागांचे क्रमांक लिहून घ्या आणि पुरवठादाराकडे प्रत्येकाची आजची स्थिती विचारायला सांगा. मॉडेल बंद झालं म्हणून त्याचे भाग त्याच दिवशी संपत नाहीत, पुढे काही वर्षं ते येत राहतात.

सर्किट बोर्ड अजून मिळत असेल आणि नव्या बॉयलरच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यात बसत असेल, तर एक आणून ठेवा. क्रमांकाची शेवटची अक्षरंसुद्धा जुळवून बघा. हीट एक्स्चेंजर मात्र साठवू नका. तो गळायला लागला, की या वयाच्या बॉयलरवर तेवढा खर्च आणि मजुरी घालण्यात अर्थ नाही. आणि गॅसशी संबंधित भाग जुन्या बॉयलरमधून काढलेला कधीही घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

घाईची किंमत मी एकदा स्वतः मोजली आहे. आमचा बॉयलर भर थंडीत, शनिवारी रात्री गेला. तंत्रज्ञाने बोर्ड काढून माझ्या हातात दिला. त्यावरचा एक कपॅसिटर टरारून फुगलेला होता, शेजारची जागा करपून तपकिरी झाली होती. बोर्ड कुठेच मिळेना. नऊ दिवस आम्ही एका खोलीत हीटर लावून राहिलो आणि आंघोळीला किटलीने पाणी तापवलं. दहाव्या दिवशी जो बसवणारा मोकळा होता आणि त्याच्याकडे जो बॉयलर होता, तो घेतला. घराला ऊब किती लागते हे त्याने मोजलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो बॉयलर घराच्या मानाने मोठा निघाला. दर थोड्या वेळाने पेटतो, लगेच विझतो, पुन्हा पेटतो. त्यात गॅसही जातो आणि भागही झिजतात. जादा मजुरी मी वर्षभरात विसरले, हा बॉयलर मात्र अजून भिंतीवर आहे. शिवाय त्या घाईत हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राचा, विचार करायला सवडच नव्हती. त्यासाठी रेडिएटर, पाइप, घरातून उष्णता कुठून निसटते, सगळं तपासावं लागतं आणि ते नऊ दिवसांत होत नाही.

म्हणून तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ देऊ नका. आत्ताच, घर गरम असताना, दोन-तीन बसवणाऱ्यांना बोलवा, खोलीवार मोजमाप करायला लावा आणि लेखी दर घेऊन ठेवा. सासूबाईंची आणि बाळाची खोली धरून दोन ऑइल हीटर घ्या. ते थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा, एक्स्टेंशन बोर्डावर नको, आणि घरातली वायरिंग दोन्ही एकदम पेलते का ते बघून घ्या. एवढी तयारी झाली, की बॉयलर गेला तरी तुम्ही चार दिवस निवांत निवड करू शकता. घाईचा ६२ चा फटका २० च्या आसपास येतो. मग शक्यता तीनात एक धरली तरी बेरीज १९ च होते.

हप्त्यांबद्दल. विक्रेत्याला विचारा, रोख दिले तर किती? ८ टक्के सूट मिळत असेल, तर २४ हप्त्यांच्या त्या ‘बिनव्याजी’ योजनेत तुम्ही वर्षाला साधारण ८ टक्के व्याज भरताय, फक्त ते किमतीत मुरवलेलं आहे. तुम्ही हा हप्ता भरायला तयार होतात ना? मग तेवढीच रक्कम दरमहा स्वतःच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षात निम्मा बॉयलर जमेल, दोन वर्षांत पूर्ण. चार महिन्यांच्या शिल्लकेला यासाठी हात लावायचा नाही. बाळ आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात मला ती खरं तर सहा महिन्यांची हवी आहे.

कधी बदलायचा? पाचपैकी बोर्ड, पंखा किंवा हीट एक्स्चेंजर यांतला एक जरी आजच मिळत नसेल, तर येत्या उन्हाळ्यात, बसवणारे मोकळे असताना. तोवर खात्यात जमलेलं द्या आणि उरलेल्यापुरतेच हप्ते घ्या. सगळे मिळत असतील, तर दोन वर्षं थांबा. मधे एखादी दुरुस्ती नव्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या वर गेली, किंवा बारा महिन्यांत दुसरी मोठी दुरुस्ती निघाली, तर थांबणं संपलं. प्रेशरचा काटा थंड असताना उतरतो आणि तापल्यावर ३ बारकडे धावतो, एवढ्यावरून मात्र कुणी ‘बॉयलर गेला’ म्हटलं तर मान्य करू नका. बहुतेक वेळा एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेलेली असते, काम छोटं असतं.

एका बाबतीत हिशेब करायचाच नाही. बॉयलरभोवती काजळी दिसली, निळी ज्योत पिवळी झाली, किंवा घरात सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्याचा अलार्म घरात नसेल, तर बाकी सगळ्याच्या आधी तो आणा, आजच.

तंत्रज्ञाचं उत्तर आलं, की पाच भागांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘मिळतो’ किंवा ‘नाही’ एवढं लिहून पाठवा. सोबत रोख किमतीचा आकडाही द्या. हाच हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांवर पुन्हा मांडून देते.