लॅपटॉपवरची गाणी हाय-फायवर, पण खरखर का?

प्रश्न: लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अॅम्प्लिफायरला वायर जोडलीय, गाणी फ्लॅक फॉरमॅटमधली (दर्जा न घालवता साठवलेली) आहेत तरी मागे बारीक घूं आवाज येतो आणि सीडीसारखी मजा येत नाही. काय करू?

उत्तर: अहो, फाइल चांगलीच आहे, घोळ पुढे होतोय. डिजिटलचं अॅनालॉग लॅपटॉपच्या पोटातच होतं, तिथे आजूबाजूला प्रोसेसर, पंखा, चार्जर सगळ्यांची गडबड. म्हणून ते काम बाहेर काढा, यूएसबीवर चालणारा वेगळा डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारा डबा) घ्या आणि तो अॅम्प्लिफायरच्या लाइन-इनला जोडा. फोनो लिहिलेल्या भोकात नको हं, ते रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं!

आधी एक फुकटची टेस्ट करा, चार्जर काढून ऐका. घूं गेलं तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा आवाज, मग यूएसबी डॅक लावूनही ते राहू शकतं, अशा वेळी ऑप्टिकल केबल बरी कारण तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही.

आणि विंडोज असेल तर प्लेयरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह मोड (विंडोजचा मिक्सर टाळून गाणं थेट डॅककडे पाठवायची सोय) लावा, नाहीतर सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) गाणं सेटिंगप्रमाणे गुपचूप ४८ होऊन जातं. फरक कानाला कळेलच असं नाही, पण फुकट आहे तर लावा की.