पहिल्यांदा गायनॅककडे जाताय? काकीला बाहेर बसवा

तुम्ही लिहिलंय: वय 22, पाळी दोन-दोन महिने येत नाही, पहिल्यांदाच गायनॅककडे (स्त्रीरोगतज्ज्ञाकडे) जायचंय, तयारी काय करू आणि घरातलं कुणी सोबत नेऊ का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. न्या, पण बाहेरच्या बाकावर बसवा.

मी 19 वर्षांची असताना गोव्यातल्या साखळी गावाहून म्हापशाला डॉक्टरांकडे गेले होते, काकीबरोबर. काकी कर्ती बाई. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) तिच्याच देखरेखीखाली बांधली जाते, आणि घरातल्या कुठल्या मुलीची पाळी केव्हा हेही तिला तोंडपाठ. कुणाची तारीख चवथीत पडणार असं दिसलं की आठवडाभर आधी ती फार्मसीतून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन यायची. चिठ्ठी कुणी मागत नसे. मला पंधराव्या वर्षापासून मिळत होत्या. आधी चवथ, मग जत्रा, मग कुणाचं तरी लग्न.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली? काकी म्हणाली, "गणपती पावल्यावर (विसर्जनानंतर) तिसऱ्या दिवशी." डॉक्टरांना तारीख हवी होती. मोबाइलवर कॅलेंडर उघडून दोघी हिशेब करत बसल्या आणि मी भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र बघत बसले. मग प्रश्न आला, काही गोळ्या वगैरे चालू आहेत? मी तोंड उघडायच्या आत काकी, "ना डॉक्टर, गॅसाची एखादी गुळी घेता केन्ना तरी." मी गप्प. फाइलवर लिहिलं गेलं, औषधं नाहीत.

त्यात सोनोग्राफीचा वेगळाच तमाशा. लघवीची पिशवी भरलेली हवी म्हणून काकीने मला साखळीलाच बाटलीभर पाणी पाजलं. बस डिचोलीच्या पुढे गेली आणि माझा जीव जायची वेळ आली. म्हापशाला उतरल्या उतरल्या धावले, मोकळी झाले, आणि सोनोग्राफीवाल्या बाईंनी परत बाहेर बसवलं. तेव्हा पाणी तिथे पोचून प्या, साधारण तासभर आधी चार-पाच ग्लास.

तीन महिन्यांनी मी एकटीच गेले, गोळ्यांचं रिकामं पाकीट पर्समध्ये घेऊन. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, "अगं, ह्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत जे रक्त जातं, ते मी पाळी म्हणून मोजत होते."

म्हणून तयारी म्हणजे मुख्य हीच: मागच्या चार-पाच पाळ्यांच्या तारखा, तिथी नव्हे. रक्त सुरू झालं तो पहिला दिवस लिहायचा, संपल्याचा नाही. किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड लागतात, आणि पोटात गेलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक काढ्यासकट. कपडे वरचे-खालचे वेगळे घाला, म्हणजे पोट तपासायला सोपं. वॅक्सिंग वगैरे करत बसू नका, त्यांना काही फरक पडत नाही.

"लग्न झालंय का?" असं विचारतील. त्याचा अर्थ संबंध आलेत का असा असतो. खरं उत्तर द्या. (आता कळलं ना काकी बाहेर का?) संबंध आले नसतील तर सहसा आतून तपासत नाहीत, पोटावरून सोनोग्राफी होते. आले असतील तर जायच्या आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून बघा, कुठल्याही फार्मसीत किट मिळतं. पाळी चुकल्यावर डॉक्टरही आधी तेच करायला लावतील. डॉक्टर पुरुष असेल तर तपासताना नर्स खोलीत हवी असं बिनधास्त सांगा. आणि पाळी चालू आहे म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. काही हार्मोनच्या तपासण्या तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करतात.

हे सगळं वाट बघण्यासारखं असेल तर. तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर तारखा लिहीत न बसता सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा.

काकीवर अन्याय नको म्हणून हेही सांगते: पुढे रक्त तपासलं तेव्हा मला थायरॉइडही निघाला. म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नव्हता. त्या गोळ्या विष आहेत असंही नाही, डॉक्टर स्वतः लिहून देतात; पण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास झालेल्यांना चालत नाहीत, आणि हे काउंटरवर कोण विचारतं?

आईची साथ होती का म्हणाल, तर ती काकीपुढे कधीच बोलली नाही. काकी अजून म्हणते, "चार गुळयांनी कितें जातलें?" (चार गोळ्यांनी काय होणार?) चार नव्हत्या. दिवसाला 3, दहा दिवस, वर्षातून तीनदा, चार वर्षं.