दुकानातला आरसीसीबी सारखा पडतो, वायरमन म्हणतो काढून टाका. काढू का?

काढू नका. आरसीसीबी म्हणजे करंट अर्थला गळाला की लाइन तोडणारा स्विच. वायरमन बदला.

प्रश्न वाचून डोकंच फिरलं, कारण इथं सोलापुरात नव्या पेठेतल्या एका कापड दुकानात असल्याच सल्ल्यांपायी माझी मजुरी अडकली होती. जुनं वायरिंग, मी 30 मिलीअँपिअर गळतीला पडणारा आरसीसीबी बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला धाड, अख्खं दुकान अंधारात, गिऱ्हाईक साडी हातात धरून उभं. मालकाच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर आला, म्हणाला "अर्थिंग कमजोर आहे ओ, मीठ-कोळसा भरा." मे महिना, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आणि ह्यांनी टँकर मागवून अर्थिंगच्या खड्ड्यात ओतला! सातला परत धाड. मग ठरलं, माझा माल डुप्लिकेट.

मी दोन दिवस तिथंच बसलो. सातलाच का? तर सातला दुकानाच्या नावाचा दिव्याचा बोर्ड चालू करतात. बोर्ड उघडला तर न्यूट्रल भिंतीत कधीचा तुटलेला आणि कुणीतरी हिरव्या, म्हणजे अर्थच्या वायरवर काम भागवलेलं. 60 वॅटचा बोर्ड म्हणजे 260 मिलीअँपिअर, सगळा अर्थमधून परत, आरसीसीबी पडणार नाही तर काय. आणि ती हिरवी वायर खड्ड्याजवळ सुटली असती तर शटरपासून कूलरपर्यंत सगळ्या बॉडीत करंट उतरला असता.

खड्डा भारी केला की झालं म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा. आपला खड्डा 2 ओहम, ट्रान्सफॉर्मरचा 2 ओहम, न्यूट्रलशी दुसरी कुठली जोडणी नाही, तर फेज बॉडीला लागला तरी 230 भागिले 4 म्हणजे 57 अँपिअर. 63 अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही, बॉडीवर शंभराच्या वर व्होल्ट तसेच. तिथं आरसीसीबीच वाचवतो, मीठ नाही.

तुमचं म्हणाल तर सगळे एमसीबी पाडा, एकेक उचला, कुठल्यावर पडतो बघा, मग त्या लाइनचा न्यूट्रल आणि अर्थ सुटा करून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा. एमसीबी नुसता फेज तोडतो, त्यामुळे सगळे पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल कुठंतरी अर्थला चिकटलाय. हां, एकाच आरसीसीबीवर खूप कॉम्प्युटर असतील तर थोडं थोडं लिकेज मिळूनही पडतो, तेव्हा लोड वाटून द्या. कधीकधी आरसीसीबी खरंच खराब असतो, पण ते शेवटी.

माझी मजुरी मिळाली, पाचशे कापून. टँकरचे म्हणे.